शिवांजलीचं प्रॅक्टिकल

तेरखेड्याची शिवांजली धाराशिवला विद्यापीठाच्या उपकेंद्रात रसायनशास्त्र शिकत होती. दिवाळीआधी गावात फटाक्यांच्या शेडमध्ये स्फोट झाला आणि तिच्यादेखत तिची चुलती भाजली. तेव्हापासून प्रयोगशाळेत बर्नर भपकन पेटला, की तिला दरदरून घाम फुटायचा. ती प्रॅक्टिकलला जाईनाशी झाली, तेव्हा समुपदेशक शुभांगी मॅडमनी तिला बोलावलं.

“काकू बऱ्या झाल्या, मॅडम. मलाच काय झालंय, कळंना. मी येडी झाले का?”

“नाही गं. घाबरली आहेस. हळूहळू कमी होईल.”

काही आठवडे दोघी बोलत राहिल्या. मग एके दिवशी मॅडम तिच्यासोबत प्रयोगशाळेत आल्या. प्रॅक्टिकल घेणाऱ्या सरांनी आधी सांगून बर्नर पेटवला. शिवांजलीनं मॅडमचा हात घट्ट धरला, पण ती पळाली नाही. त्या दिवशी अर्धा राहिलेला प्रयोग तिनं पुढच्या सोमवारी एकटीनं जाऊन पूर्ण केला.