टाकळा आणि श्रीपतरावांचं नाव

तरुण डॉक्टर श्रुतीने आनंदीबाईंच्या स्मरणशक्तीची परीक्षा घेतली. वार, महिना, शंभरातून सात वजा. अडखळत का होईना, उत्तरं आली. शेवटी तिने विचारलं, "आजी, आजोबांचं नाव काय?"



श्रीपती शेजारच्याच खुर्चीत होते. बावन्न वर्षांचा संसार, आणि बायको त्यांच्याकडे एकदा बघून खिडकीबाहेर बघायला लागली. डॉक्टरने कागदावर शून्य लिहिलं.

"पालेभाज्या वाढवा," ती म्हणाली. "त्यातले काही घटक उतारवयात मेंदूला सांभाळत असावेत."

श्रीपतींची नोकरी सरकारी कचेरीत झाली होती. 'असावेत' म्हणजे फाइल अजून टेबलावरच आहे, हे त्यांना कळत होतं. तरी त्यांनी घरातला बांगडा बंद केला.

पावसाळ्यात टाकळ्याच्या रानभाजीला काही तोटा नाही. रोज फणसाच्या आठळ्या घालून टाकळा, रविवारी चैन म्हणून शेवग्याचा पाला. बायकोला एकटीला शिक्षा नको म्हणून स्वतःही डोळे मिटून खात. हात धुतला की विचारीत, "अगो, माझं नाव काय?"

"काहीतरीच विचारता!" म्हणत आनंदीबाई ताटं उचलीत. दुसऱ्या दिवशी श्रीपती टाकळा जास्त आणीत.

महिन्याने पुन्हा परीक्षा. पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा नजर खिडकीबाहेर. श्रीपतींनी चष्मा पुसला. स्वच्छ होता, तरी परत पुसला.

"अगो, आठव ना. श्री... श्री..."

"आठवायचंय काय त्यात?" आनंदीबाई भडकल्या. "चारचौघांत नवऱ्याचं नाव असं सरळ घेतात होय? ही पोर लहान आहे, तुम्हाला तरी कळायला हवं!"

"मग कसं घेतात, आजी?" डॉक्टरने विचारलं.

"उखाण्यात." त्यांनी पदर सारखा केला.

"टाकळ्याच्या भाजीत आठळ्यांची जोडी,
श्रीपतराव पाला खातात, जात नाही खोडी!"

डॉक्टरने हसत शून्य खोडलं. श्रीपतींनी चष्मा काढला. या वेळी काचा पुसायच्या नव्हत्या.

बाहेर पायरीवर आनंदीबाई थबकल्या. "अहो, आपण इथे कशाला आलो होतो?"

श्रीपतींनी छत्री उघडायला जरा वेळ लावला. समोर एक बाई टाकळ्याच्या जुड्या मांडून बसली होती.

"टाकळा घ्यायला," ते म्हणाले.

"तुम्हाला कुठे आवडतो?"

"आवडत असावा," म्हणून श्रीपतींनी पिशवी पुढे केली.