रोड्सचा केरबा

नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं आपल्यात म्हणतात. केरबाचं नेमकं उलटं झालं होतं. अल मनखूलमध्ये ऐसपैस फ्लॅट, खाली मोठी गाडी, दुबई मरीनाच्या नव्या ऑफिसात काचेची स्वतंत्र केबिन, हाताखाली इंजिनिअरांची फौज. आणि नाव काय, तर केरबा. केर म्हणजे केर. झाडून सुपलीत भरतात तो. त्याला दुसरा अर्थ शोधायला जागाच नाही.

कोल्हापूरकडे हे नाव कुणाला खटकत नाही. तिकडे गल्लीत एखादा केरबा असतोच, आणि का असतो हेही सगळ्यांना ठाऊक असतं. ज्या बाईची मुलं जगत नाहीत, ती पुढच्या मुलाला असलं नाव देते. धोंडू, दगडू, भिकाजी, केरबा. यमानं दारात डोकवावं आणि ह्या घरात न्यायजोगं काही नाही असं समजून पुढं जावं, एवढाच हिशेब. केरबाच्या आधी त्याच्या आईची, ठकुबाईची, तीन बाळं गेली होती. चौथा हा. केरबाला हे माहीत होतंच की! पण माहीत असणं वेगळं आणि ते नाव गळ्यात बांधून दुबईत वावरणं वेगळं. गणपतीच्या जेवणात एका पुणेकर गृहस्थानं मोठ्या अदबीनं विचारलं होतं, "केरबा हे आपलं आडनाव का?" टर उडवली असती तर चाललं असतं. अदबीनं विचारलं म्हणून जास्त झोंबलं.

तेव्हा 'के. बी.' लावून त्यानं आजवर वेळ मारून नेली. पण अवनीनं, त्याच्या सोळा वर्षांच्या लेकीनं, शाळेत मैत्रिणींना बाबांचं नाव कबीर आहे असं सांगितलंय, हे कळलं तेव्हा गडी आतून मोडला. रागावला नाही. कुठल्या तोंडानं रागावणार? पोरीनं बापाचाच कित्ता गिरवला होता.

मग ठरलं. नाव बदलायचं. कौस्तुभ. थेट विष्णूच्या गळ्यातलं रत्न! आणि 'के.' तसाच राहणार, म्हणजे सहीसुद्धा बदलायला नको. त्याची बायको मृणालिनी म्हणाली, "तुझं नाव, तुझी मर्जी. मी केबीच म्हणणार." सरकारी अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमधून कागद तयार झाले, कॉन्सुलेटची सोमवारची अपॉइंटमेंट मिळाली. तेवढं झालं की खलास.

घोडं अडलं होतं ते एकाच ठिकाणी. ठकुबाई व्हिसावर लेकाकडे आली होती आणि तिला यातलं काहीही माहीत नव्हतं. सांगितलं नसतं तरी तिला पत्ता लागला नसता, म्हातारीला अक्षर वाचता येत नाही. पण आईच्या अडाणीपणाचा फायदा घ्यायला केरबाचं मन धजेना. आणि सांगायचं तरी काय? तू ठेवलेल्या नावाची मला लाज वाटते, असं? रोज सकाळी चहाला तो तोंड उघडायचा आणि साखर मागून गप्प बसायचा. मृणालिनी कपाळाला हात लावायची.

शनिवारी त्यानं मनाचा हिय्या केला. अवनीला इतिहासाच्या प्रोजेक्टसाठी शारजाच्या पलीकडे वाळवंटात जायचं होतं. तिथं एक जुनी वस्ती उकरून काढली आहे आणि शेजारी छोटंसं संग्रहालय आहे. चौघं गाडीतून निघाली. येताना कुठंतरी टपरीवर गाडी थांबवायची, आईच्या हातात कडक चहा द्यायचा आणि सांगून टाकायचं, असा केरबाचा बेत होता. बेत करण्यात तो पटाईत होता, इंजिनिअरच तो.

संग्रहालयात गाइड म्हणून एक लेबनीज पोरगी होती. चुणचुणीत, बोलताना दोन्ही हात नाचवणारी. आठ-दहा माणसांच्या घोळक्याला तिनं एका काचेपाशी आणलं. आत मातीच्या मोठ्या घागरींच्या तुटक्या मुठी मांडल्या होत्या, नुसत्या मुठी. घागरी कधीच फुटून गेलेल्या. प्रत्येक मुठीवर ठसा, आणि ठशात बारीक अक्षरं.

"ही ग्रीक अक्षरं," गाइड इंग्रजीत म्हणाली. "ह्या घागरी रोड्सच्या. ग्रीकांच्या समुद्रातलं बेट आणि त्यावरचं भरभराटीचं बंदर, दोन्हींचंही नाव रोड्स. तिथली दारू ह्या घागरींतून जगभर जायची. घागर भट्टीत जाण्याआधी ओल्या मुठीवर कारखानदार आपला ठसा मारायचा. हे बघा, इथं गुलाब आहे. रोदोन म्हणजे गुलाब, तीच त्या शहराची खूण."

केरबा काचेला नाक लावून बघत राहिला. बाहेर वाळू, मागं उघडेबोडके डोंगर, पाण्याचा टिपूस नाही. अशा ठिकाणी कुठल्या कुठल्या समुद्रावरचा गुलाब येऊन पडलेला! गलबतं बदलली असतील, उंट बदलले असतील, किती जणांच्या खांद्यांवरून ही घागर इथवर आली असेल. दोन हजार वर्षांहून जास्त झाली, आणि एका माणसाचं नाव वाळूखाली शाबूत. आपण पंचवीस वर्षं ह्या देशात इमारती उभारल्या, त्यातल्या दोन पाडूनही झाल्या. एका विटेवरसुद्धा आपलं नाव नाही. आणि असतं तर आपणच खरवडून काढलं असतं, हे मनात आलं तेव्हा त्याचं त्यालाच ओशाळल्यागत झालं.

गाइड एकेक ठसा वाचत होती. "हा दामोक्रातिस. लोकांचं बळ. हा अगाथोक्लिस. चांगल्या कीर्तीचा." अवनी भराभर फोनमध्ये लिहून घेत होती. "आणि हा कोप्रेउस."

"ह्याचा अर्थ?" केरबानं विचारलं. दुसऱ्यांच्या नावांचे अर्थ विचारायची त्याला खोडच होती. स्वतःचं झाकणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं उघडून बघावंसं वाटतं.

पोरगी हसली. "कोप्रोस म्हणजे शेण. कोप्रिया म्हणजे उकिरडा. हा आपला उकिरड्यावरचा."

घोळका खळखळून हसला. अवनीही हसली. "हू नेम्स देअर किड दॅट?" ती म्हणाली आणि म्हणता म्हणता तिची नजर बापाकडे गेली. हसू जागच्या जागी विरलं. मृणालिनीनं मान खाली घातली.

"असली नावं ग्रीकांत बरीच सापडतात," गाइड पुढं सांगत होती. "का, यावर विद्वानांचं एकमत नाही. कुणी म्हणतं, ही उकिरड्यावर टाकून दिलेली आणि दुसऱ्यांनी उचलून वाढवलेली मुलं. कुणी म्हणतं, मुलं जगत नसली की आईबापच मुद्दाम घाणेरडं नाव ठेवायचे. म्हणजे मृत्यूची नजर पडू नये. तो फसावा."

केरबाच्या अंगावर सर्रकन काटा आला. मानेपासून पोटऱ्यांपर्यंत. एसीचा गारवा नव्हता तो. कोण कुठलं रोड्स, कुठला समुद्र, कसले त्यांचे देव, आणि तिथल्या कुठल्याशा बाईनं बाळंतिणीच्या खाटेवर पडल्या पडल्या तीच युक्ती केली होती! तिला कुणी शिकवली? आमच्या गावच्या बायकांना कुणी शिकवली? ह्यांची त्यांची कधी गाठ पडली नाही, निरोप गेला नाही. आयांना आपापली सुचली. त्याला वाटलं, आपण काचेसमोर उभे नाही, एखाद्या फार खोल विहिरीच्या काठावर उभे आहोत आणि खालून कुणीतरी आपल्याला नावानं हाक मारतंय.

"काय म्हणतीया रं ती पोरगी?" ठकुबाईनं त्याची बाही ओढली. "समदी हसली कशापायी?"

हीच ती गोष्ट, जी त्याला चहाच्या टपरीवर नीट बेतानं सांगायची होती. आता भलत्याच माणसाच्या नावानं समोर आली होती. पण आईनं विचारलं होतं. तो खाली वाकला आणि तिच्या कानाशी सांगू लागला.

"आई, ह्या मुठीवर एका माणसाचं नाव हाय. लई जुना माणूस. आपल्या ज्ञानोबा-तुकोबांच्याही कितीतरी आधीचा, समुद्रापल्याडचा. त्याचं नाव उकिरड्यावरचा, असं हाय. त्याच्या आईची पोरं जगत नसतील म्हणून तिनं तसलं नाव ठेवलं असंल, असं ती म्हणतीय."

ठकुबाईला नवल वाटलं नाही. जराही नाही. शेजारच्या आळीतली बातमी ऐकावी तशी तिनं ती ऐकली. काचेजवळ सरकली, त्या तपकिरी तुकड्याकडे टक लावून पाहिलं, आणि एकच विचारलं.

"जगला का?"

केरबानं तोंड उघडायच्या आधी अवनीनंच ते इंग्रजीत गाइडला विचारलं.

गाइड क्षणभर गोंधळली. असं तिला कुणी विचारलं नसावं. मग तिचे नाचणारे हात खाली आले. "जगला," ती म्हणाली. "ठसा कारखानदाराचा असतो, पोराचा नाही. त्याचे ठसे बऱ्याच वर्षांच्या घागरींवर सापडतात. मोठा झाला, कारखाना चालवला. खूप जगला असणार."

केरबानं ते आईला सांगितलं. ठकुबाईनं हात जोडले. कुणाला, ते तिचं तिलाच ठाऊक.

"मग झालं तर," ती म्हणाली. "सोनं झालं तिच्या जन्माचं."

घोळका पुढच्या दालनात गेला. ही चौघं तिथंच राहिली. ठकुबाई कुणी न विचारताच बोलू लागली, काचेकडे बघत. "तुला बी ठिवला हुता की उकिरड्यावर. सुपात घालून. जन्मून घटकाबी झाली नव्हती, वल्लाच हुतास. सुईणीनं न्हिऊन ठिवला आणि मी हितं खाटंवर पडून ऐकतीया, तू टाहो फोडलायस. बाया उठू देत न्हवत्या मला. मग तिनंच तुला उचलला, म्हनाली, बाई, उकिरड्यावर घावलंय, घेतीस का? पसाभर जोंधळं दिलं आणि इकत घेतला तुला. तवापास्नं तू माझा न्हाईसच. घावलेला हाईस." आणि म्हातारी हसली.

नावाची गोष्ट केरबाला ठाऊक होती, सुपाची नव्हती. आईनं ती आजवर कधी सांगितली नव्हती. तो रडला, सरळ रडला, बावन्न वर्षांचा बाप्या आपल्या पोरीदेखत. आणि मग आतलं सगळंच बाहेर पडलं, इतके दिवस लपवलेलं तेही.

"आई, मी सोमवारी नाव बदलणार हुतो. कागद झाल्यात."

ठकुबाईनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. रागाचं चिन्ह नव्हतं. "काय ठिवनार?"

"कौस्तुभ."

"म्हंजी?"

"रत्न. देवाच्या गळ्यातलं लई मोलाचं..."

त्याला पुरतं बोलताच आलं नाही. ठकुबाईनं हात उचलून त्याच्या तोंडावर दाबला. सुरकुतलेला, कांद्याच्या वासाचा हात, पण जोर असा की त्याची मान मागं गेली. तिनं झटकन इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, दरवाज्याकडं पाहिलं. तिचे डोळे भ्यालेले होते.

"गप," ती कुजबुजली. "मोठ्यानं बोलू नगंस. त्यो काय म्हातारा झालाय व्हय? हिंडतोयच की अजून."

केरबा तसाच उभा राहिला, आईचा हात तोंडावर. त्याला वाटत आलं होतं की नावाचं काम पाळण्यातच संपलं, पुढं उरलं ते नुसतं ओझं. आणि ही बाई मात्र बावन्न वर्षं रोज त्याला हाक मारताना दारावर पहारा देत होती. केरबा, जेवायला ये. केरबा, पोचलास का? केरबा, कसा हाईस? प्रत्येक हाकेत ती यमाला बजावत होती, हितं काय न्हाई, हा केर हाय, फुडं जा. समुद्रापलीकडून, फोनवरूनसुद्धा. आणि त्याला त्या हाकेची लाज वाटत होती.

त्यानं हलकेच तो हात तोंडावरून काढला आणि आपल्या दोन्ही हातांत धरला. "मृणाल," तो वळून न बघता म्हणाला, "सोमवारचं रद्द कर."

मृणालिनीनं पर्समधून फोन काढला. अवनी येऊन आजीला बिलगली. "आजी," ती मराठीत म्हणाली, चक्क मराठीत, "मी शाळेत सांगणार बाबांचं खरं नाव." कबीरचं प्रकरण ठकुबाईला माहीतच नव्हतं, तिनं नुसतीच नातीची पाठ थोपटली.

केरबाला मात्र एक विचारल्याशिवाय राहवेना. तिसरं बाळ जाऊन चौथ्याचे दिवस भरत आले असताना, अंगणात एकटी बसली असताना, कुठल्याही आईच्या मनात एखादं लाडाचं नाव येतंच की. त्यानं अगदी हळू, तिला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात विचारलं, "आई, हे असलं ठेवावं लागलं नसतं, तर तुझ्या मनात कुठलं नाव हुतं?"

ठकुबाई त्याच्याकडं बघत राहिली. चेहऱ्यावर असं काही उजळलं की केरबानं तिला तसं कधी पाहिलं नव्हतं. ओठ हललेही. ते नाव तिथंच होतं, जिभेच्या टोकावर, बावन्न वर्षं कुणीही न उच्चारलेलं.

मग तिनं ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली. नाही.

काचेकडे वळून, त्या तुकड्यावर वाकून, त्या उकिरड्यावरच्याच्या आईशी, जावेशी बोलावं तशा खालच्या आवाजात ती म्हणाली, "तू तरी सांगितलंस का गं तुझ्याला?"