आवाज पोटात घेणारी पेटी

त्या बुधवारी श्यामरावांनी मला दोरीतून सोडवलं, मागच्या अंगणात उन्हात ठेवलं आणि माझ्या पोटातला जुना काथ्या काढून नवा भरायला घेतला. शेजारी सुनेत्राबाई वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"नऊ वर्षं झाली, तिच्यात एक छर्रा गेलेला नाही," त्या म्हणाल्या. "हा काथ्या कुणासाठी बदलताय?"

"पेटीसाठी. ओला काथ्या पोटात घेऊन तुला झोप लागेल काय?"

"माझ्या पोटाची चौकशी एवढी वर्षं केली नाहीत ती."

श्यामराव हसले. काथ्या दाबून भरला, मला पुन्हा पडवीत टांगलं, हात धुतले आणि चहा मागितला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोहोर बघायला बागेत गेले. एका कलमाच्या बुंध्याशी टेकून बसले, ते तिथून उठले नाहीत.

मित्रांनो, मी एक जुनी आंब्याची पेटी आहे. गुहागरच्या एका वखारीत हलक्या लाकडाच्या पट्ट्या ठोकून मला बनवलं. माझ्याबरोबरच्या साऱ्या पेट्या हापूस भरून मुंबईला गेल्या. मी मात्र एक पट्टी तडकली म्हणून श्यामरावांच्या पडवीत राहिले. आंब्याचा वास मला एका मोसमापुरताच मिळाला. त्याचं मला वाईट वाटत नाही, कारण पुढे माझ्या वाट्याला जे काम आलं, ते दुसऱ्या कुठल्या पेटीला मिळालेलं मी ऐकलं नाही.

श्यामरावांची मुलगी मनस्विनी तेव्हा चौदा वर्षांची होती. घरात तिला मनू म्हणत. शाळेच्या शिबिरात तिने एअर रायफल हातात घेतली आणि पहिल्याच आठवड्यात नेमबाजी शिकवणाऱ्या विनोद सरांनी तिला स्पर्धेसाठी निवडलं. रत्नागिरीची जिल्हा स्पर्धा दोन महिन्यांवर होती. सरांनी सरावासाठी एक जुनी रायफल घरी दिली आणि श्यामरावांना नियम समजावून सांगितले. पुढच्या पडवीपासून माजघरातून मागच्या पडवीपर्यंत दारं एका रेषेत होती. अंतर मोजलं तर बरोबर दहा मीटर भरलं. मागच्या पडवीचं अंगणात उघडणारं दार बंद करायचं, दोन्ही बाजूंना सुंभ बांधायचा आणि सुंभ बांधलेला असताना कुणी पलीकडे पाऊल टाकायचं नाही, असं ठरलं. कागदी लक्ष्याच्या मागे तेलाचा रिकामा डबा उभा केला.

छर्रा डब्यावर आपटला की सगळी आळी दचकायची. चौथ्या दिवशी शेजारच्या गंगुबाई कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. एका गाईच्या दुधावर त्यांचं घर चालायचं.

"श्यामभाऊ, तुझ्या पोरीची ठणठण सुरू झाली की माझी गाय पान्हा चोरते. काल अर्धा लिटर निघालं. ते गिऱ्हाइकाला घालू की तुझ्या डोक्यावर ओतू?"

"संध्याकाळचा एकच तास असतो तिला, गंगुबाई."

"गाईलाही संध्याकाळच असते हो."

शाळा सुटल्यावर मनूला तेवढाच वेळ मिळायचा. तो गेला, तर स्पर्धाही गेली असती.

श्यामरावांनी मग रायफलच्या नळीलाच काहीतरी बसवायचं मनात घेतलं. कुणाच्या तरी मोबाइलवर आवाज दाबणाऱ्या नळकांड्याचं चित्र पाहिलं होतं. लेथवाला भागोजी म्हणाला, "माप आणा, तसलं करून देतो." बापलेकींनी दोऱ्याने नळीचा घेर मोजला. नळकांडं लांब घ्यायचं की आखूड, काळं की चांदीसारखं, यावर मनू दोन दिवस बोलत होती. तिसऱ्या दिवशी श्यामरावांनी सरांना फोन केला, आणि बरं झालं केला.

"नळीच्या तोंडाला हात लावायचा नाही," सर म्हणाले. "स्पर्धेत चालत नाही, कायद्याच्या भानगडी वेगळ्या, आणि घरी केलेलं वाकडं बसलं तर छर्रा कुठे जाईल ते मी सांगू शकत नाही. दुसरा काहीतरी मार्ग काढा."

श्यामरावांनी दोरा खिशात घातला आणि दुसरा मार्ग सापडेपर्यंत सराव बंद, असं मनूला सांगितलं.

"दुसरा मार्ग कुठला?" मनू म्हणाली. "तुम्हाला माझी रायफल बंदच व्हायला हवी आहे. तुम्ही कायम बाहेरच्यांचं ऐकता. माझं कधीच नाही."

मनूने ते शब्द परत घेतले नाहीत, त्या दिवशी नाही आणि पुढे ते असेपर्यंत कधी नाही.

दुसऱ्या दिवशी श्यामराव गंगुबाईंच्या गोठ्यात जाऊन गाईशेजारी उभे राहिले. मनूने आधी कागदामागे नुसती गादी ठेवून बार काढायचा, मग डबा ठेवून, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं.

"हां, वाजव आता," गंगुबाई ओरडल्या.

"वाजवलं की," इकडून सुनेत्राबाईंनी उत्तर दिलं.

श्यामराव गाईकडे बघत राहिले. गाय रवंथ करत होती. मग डबा ठेवला. ठण्ण. गाईने मान झटकली आणि शेपटी श्यामरावांच्या तोंडावर मारली. त्यांना हवं होतं ते कळलं. दोष रायफलचा नव्हता, डब्याचा होता.

त्याच संध्याकाळी मी कोपऱ्यातून बाहेर निघाले. आंबा भरायची सवय असलेला माणूस दुसरं काय करणार? श्यामरावांनी माझ्या पाठीला फणसाची जाड फळी ठोकली आणि पोटात पेंढा भरला. हापूस भरताना देतात तसाच, थरावर थर, कोपरे दाबून. प्रथम मला भिंतीला खिळ्यांनी पक्कं केलं, तर भिंतच घुमायला लागली. मग वाशाला सुंभाने टांगलं आणि मागे दुहेरी गोणपाट सोडलं. कागद माझ्या तोंडावर लागला. मनूने नेम धरला.

मित्रांनो, तो पहिला छर्रा मी अजून विसरले नाही. जाडजूड वही मिटावी एवढाच आवाज झाला. कुंपणापलीकडे गाईने दूध दिलं. माझं कुणी कौतुक केलं नाही, पण त्या आठवड्यात घरात सगळे हळू आवाजात बोलत होते, मला साथ दिल्यासारखे.

पंधरा दिवसांनी श्यामरावांकडून मोठी चूक झाली. पेंढा भुगा झाला होता. पेट्यांतला जुना पेंढा दर मोसमात गंगुबाईंच्या गाईला जायचा. हाताला ती सवयच होती. त्यांनी माझ्या पोटातला पेंढा टोपलीत भरून कुंपणावरून दिला आणि हात धुवायला गेले. धुताना बोटांवरचा करडा रंग त्यांना दिसला. ते शिसं होतं. तसेच ओले हात घेऊन ते धावले. गाईने पहिला घास घेतला होता. उरलेला त्यांनी तिच्या तोंडातून ओढून काढला.

त्यांनी गंगुबाईंपासून काही लपवलं नाही. गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर म्हणाले, तीन दिवस लक्ष ठेवा, दूध कुणाला देऊ नका, आणि किती छर्रे पोटात गेले ते कळलं तर बरं. पेटीत किती छर्रे मारले ते मनूने वहीत लिहून ठेवलं होतं, दोनशे चाळीस. श्यामरावांनी आधी टोपलीत लोहचुंबक फिरवला. मनू हळूच म्हणाली, "शिसं चिकटत नाही." मग दोघं अंगणात सूप घेऊन बसली. तोंडाला फडकी बांधून बापाने पेंढा पाखडायचा आणि लेकीने छर्रे वेचायचे. तीन तासांत दोनशे सदतीस सापडले.

गंगुबाई ओट्यावर बसून बघत होत्या. "दूध ओतायचं तर ओतते," त्या म्हणाल्या. "पण गाईला काही झालं, तर त्या खोक्याला आणि बंदुकीला या आळीत जागा नाही, सांगून ठेवते."

ते तीन छर्रे कुठे आहेत हे मला माहीत होतं. ते माझ्या पाठीत, फणसाच्या फळीत रुतले होते. पण पेटीला सांगता येत नाही. दोन दिवस त्या घरात कुणी धड जेवलं नाही आणि मी टांगलेली होते. तिसऱ्या दिवशी दुपारी श्यामराव दाभण घेऊन माझ्यापुढे बसले आणि फळीचा बोटभर बोटभर भाग टोचत गेले. एक सापडला. मग दुसरा. तिसरा अगदी कडेला होता. त्यांनी मला खांद्यावर घेतलं आणि तसंच गंगुबाईंच्या दारात नेलं.

गंगुबाईंनी फळीवरून बोट फिरवलं. "मग माझ्या गाईनं खाल्लं काय?"

"नुसता पेंढा."

"आणि तीन दिवसांचं दूध मी ओतलं." त्यांनी बोट पदराला पुसलं. "वाजवू दे पोरीला. पण श्यामभाऊ, तुझ्या घरचं गवताचं पान मला यापुढे नको."

तेव्हापासून माझ्या पोटात काथ्या आला. शिशाचे छर्रे झाकणाच्या डब्यात साठवून सरांकडे जाऊ लागले.

मनू जिल्ह्यात पहिली आली, पुढे राज्यात तिसरी. वर्तमानपत्रात फोटो आला. तिने शाळेचे आणि सरांचे आभार मानले. श्यामरावांनी ते कात्रण सुनेत्राबाईंना दोनदा वाचून दाखवलं. पुढे ती पुण्याला शिकली, नोकरीला लागली, रायफल सुटली. माझ्यावर कोळ्यांनी जाळी विणली. श्यामराव मात्र वर्षातून एकदा मला सोडवून काथ्या बदलत राहिले, ती कधी आली आणि तिला वाटलं तर, म्हणून.

मित्रांनो, मला कुणाबद्दल तक्रार नाही. तडकलेल्या पट्टीची म्हणून जळणात गेले असते, ती एका घराच्या कामी आले. तुमच्याही घरात असं काहीतरी असेल, कुणीतरी तुमच्यासाठी गुपचूप केलेलं. ते पुसून नीट ठेवा. आणि करणारा माणूस घरात असेतोवर उठून त्याच्याकडे जा.

तेराव्याचे पाहुणे गेल्यावर मनू मागच्या पडवीत आली. तिने माझ्या कडेवरून हात फिरवला. आतल्या काथ्याला अजून नव्याचा वास होता. सुनेत्राबाई दारात येऊन थांबल्या आणि परत गेल्या. मग मनू बोलली, समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तशी, स्पष्ट.

"बाबा, मी तेव्हा खोटं बोलले. तुम्ही माझंच ऐकत होतात. मला ते त्याच महिन्यात कळलं होतं, सूप घेऊन बसलो होतो तेव्हा. मला फक्त सांगता आलं नाही."