बाहेरची कडी

आईला घरात ठेवून बाहेरून कडी घालावी, हे कुठल्या शाळेत शिकवतात ते ठमाबाईला ठाऊक नव्हतं. ती दुसरीपर्यंतच गेलेली. तिचा मुलगा आदेश मात्र शिकला होता. श्रावणात ती बांधावरून घसरली, हात मोडला, आणि तेव्हापासून तो रोह्याला कंपनीत शिफ्टला निघाला की गागोद्याच्या घराला बाहेरून कडी. दुपारी शेजारची सरू यायची, भाकरी ठेवायची आणि जाताना पुन्हा कडी लावायची. "आदेशदादानी सांगितलंय गो काकी!"

उरला रविवार, आदेशच्या सुट्टीचा, कडी उघडी असण्याचा. त्यावरही आता संक्रांत आली. आदेशला जुनी जीप घ्यायची होती, चारी चाकांनी ओढणारी. कंपनीतल्या दोस्तांबरोबर दर रविवारी डोंगरात, ओढ्यात घालायला.

"रस्ता सोडून वढ्यात कशाला?"

"मज्जा असते, आये."

"म्हंजी रविवारचीबी कडी."

तेव्हा ठमाबाईने हट्टच धरला, गाडी मी बघणार. या घरात तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय बैल आला नव्हता. नवरा बैलाचे दात मोजायचा. ती विकणाऱ्याला म्हणायची, दात काय दाखवता, चिखलात घाला. आता खोट काढायची आणि पोराला हात हलवत परत न्यायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

निडी गावात गाडीमालक हैबतरावांच्या अंगणात जीप उभी होती. चढण चढवून दाखवण्याआधी हैबतराव पुढच्या दोन्ही चाकांपाशी उकिडवे बसले, काहीतरी फिरवलं. गाडी सरसर वर गेली. खाली आणल्यावर पुन्हा बसून त्यांनी ते उलटं फिरवलं. आदेश मोबाइलवर शूटिंग करण्यात दंग.

"चढ कोनबी चढतो," ठमाबाई म्हणाली. "चिखलात घाला."

"कुठंबी घाला, मावशी. फोर बाय फोर हाय!" हैबतरावांनी कालव्याच्या पाण्याने भिजलेलं आपलं रिकामं खाचर दाखवलं.

आदेशने तिला शेजारी बसवलं आणि गाडी आत घातली. मधोमध जाऊन गाडी रुतून बसली. त्याने चारी चाकं जोडायचा दुसरा दांडा ओढला, गाडी रेटली. मागची चाकं खड्डा खणत गेली. पुढची लग्नातल्या पाव्हण्यांसारखी बघत राहिली.

"उतरू नको, पडशील," म्हणत तो मदत बघायला चिखल तुडवत बांधावर हैबतरावांकडे गेला.

ठमाबाईने दार चाचपलं. आतून उघडायची मूठच नव्हती. काच अर्ध्यावर अडकलेली. पत्रा तापत होता. घरातल्या दाराला निदान फट होती. सहा महिने त्या फटीतून येणारी उन्हाची रेघ भिंतीवर कुठवर चढली, यावरून ती वेळ ओळखायची. समोर चिखलात बगळा एकेक पाय उचलत चालला होता. त्याला कोणी म्हणत नव्हतं, पडशील.

आदेश परत आला, गुडघ्यापर्यंत माखलेला. "ट्रॅक्टर संध्याकाळी मिळंल म्हनतात."

"नको ट्रॅक्टर. कशी निघंल ते मला ठाव हाय."

"तुला?"

"तू मोबाइलात बघत व्हतास, मी गाडीकडं. आधी हे दार उघड."

"आये, घसरशील गो."

"मग बसू हितंच. दोघंबी."

त्याने बाहेरून मूठ फिरवून दार उघडलं.

ठमाबाईने लुगडं खोचलं. डावा पाय टाकला, मग उजवा. पोटरीपर्यंत गार चिखल चढला. एकदा झोक गेला. आदेशने हात पुढे केला, तिने गाडीचा पत्रा धरला. उभी राहिली.

"पुढच्या चाकाच्या मधी चकती हाय बघ. त्यांनी फिरवली, तवा चढली. तू मानेवर जू न ठेवताच बैल हाकतोयस."

"आरं देवा!" बांधावरून हैबतरावांनी कपाळावर हात मारला. "ते सांगायचंच राह्यलं!"

आदेशने दोन्ही चकत्या फिरवल्या. या खेपेला पुढची चाकंही राबली आणि जीप हुंकारत बांधाला लागली. ठमाबाई चाकोरीतून मागाहून चालत आली. सावकाश, पण कोणाला न धरता.

"कशी हाय?" आदेशने खाली बघत विचारलं.

गवताला टाचा पुसता पुसता ती जीपभोवती नजर फिरवत राहिली. दाराची मूठ नि काच सोडली तर खोट सापडली नव्हती, आणि खोटं तिच्या तोंडून निघत नव्हतं.

"गाडी खरी हाय, घे. रविवारचा जा खुशाल. पन घरी गेल्यावर पयली ती बाहेरची कडी उपटून काढ. गोठ्याला असते ती, आदेश. आईला नाय."