रोह्याहून आणलेली काळी

शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे लावायच्या आधी रेबेका तीनदा कुंपणापाशी जाऊन आली. पलीकडे प्रणिताचं खुराडं होतं. त्यात प्रणिताच्या स्वतःच्या आठ कोंबड्या आणि गेल्या दहा दिवसांपासून रेबेकाच्या सात. येत्या गुरुवारी रेबेका मुलाकडे, जोशुआकडे, इस्रायलला चालली होती, बहुतेक कायमचीच. नवरा सॉलोमन वारून चार वर्षं झाली होती. कासूजवळच्या त्या वाडीत तिच्या बेने इस्रायली समाजाचं तेवढं एकच घर उरलं होतं. भांडीकुंडी वाटून झाली, आणि कोंबड्या तिने शेजारच्या प्रणिताला दिल्या. देताना मोठ्या तोऱ्यात म्हणाली होती, "माझ्या कोंबड्यांना आजार ठाऊकच नाय गो."

आता त्यातलीच तांबडी अंग फुगवून, एक डोळा मिटून भिंतीला टेकली होती.

"मावशी, बघा ना," प्रणिता आतून म्हणाली. "कालपासून दाण्याला तोंड लावत नाय. माझ्या दोघी पण शिंकतायत. मानमोडी तर नसंल?"

मानमोडीचं नाव काढलं की वाडीत सगळे आपापल्या कोंबड्या मोजायला लागायचे. तो रोग शिरला की आठवड्यात खुराडी रिकामी होतात. रेबेकाने तांबडीला उचलून मांडीवर घेतलं. मान सरळ होती, पंख लोंबत नव्हते, शीटही हिरवी नव्हती. पण डोळ्याखाली बोराएवढी सूज होती, नाकपुड्या चिकट झाल्या होत्या आणि चोचीला एक कुबट घाण वास येत होता.

तो वास तिने ओळखला. तीन आठवड्यांपूर्वी रोह्याच्या बाजारातून तिने एक काळी तलंग, कोवळी कोंबडी, आणली होती. आणली त्याच दिवशी तिचं नाक वाहत होतं, आणि वास हाच. रेबेकाने तिला हळद-लसूण चारलं, आठ दिवसांत काळी चरायला लागली, म्हणून इतरांत सोडून दिली. दिलेल्या सातांत तीही होती, पण प्रणिताला यातलं काही सांगितलं नव्हतं.

"मानमोडी नाय," ती म्हणाली. "मान बघ, सरळ हाय."

"मग काय झालंय?"

"थंडी असंल," रेबेका म्हणाली आणि झटकन घरी आली. दिवे लावताना दोन काड्या विझल्या.

शनिवारी सकाळी पाच कोंबड्यांची तोंडं सुजली होती आणि प्रणिताची एक मरून पडली होती. प्रणिताचा नवरा सुजय डोलवीच्या कंपनीतून शिफ्ट करून नुकताच आला होता. त्याने उभ्याउभ्याच ठरवून टाकलं.

"ज्या बऱ्या दिसतायत त्या आजच पेणच्या बाजारात काढून टाकू. उद्या त्या पण जातील."

"नको रे बाबा," रेबेका कुंपणाशीच ओरडली. "दुसऱ्यांच्या घरात कशाला घालतोस?"

"मग इथं मरायला ठेवू?"

"जनावरांच्या दवाखान्यात दाखवू. आज दुपारपर्यंत उघडा असतो, उद्या बंद."

प्रणिता बघतच राहिली. "मावशी, आज शनिवार हाय."

शनिवार म्हणजे शब्बाथ, काम न करण्याचा दिवस; रेबेका चूलसुद्धा पेटवत नसे. गाडीत बसणं तर लांबच. "जनावराचे हाल होत असले तर चालतं," ती म्हणाली. मिनिडोअर रिक्षाने पेणला जाणंही त्यात बसतं का, हे तिला माहीत नव्हतं. सॉलोमन असता तर त्याला विचारलं असतं. तिने खोक्याला भोकं पाडली, आत पेंढा घातला, तांबडीला बसवलं आणि चपला घातल्या.

दवाखान्यातली डॉक्टर ऋतुजा वयाने लहान होती, पण तिचे हात सरावलेले होते. तिने तांबडीची चोच उघडून पाहिली, डोळ्याखाली अंगठ्याने दाबलं.

"किती मेल्या?"

"एक," प्रणिता म्हणाली.

"सगळ्या धडधाकट असताना अचानक मेल्या, तुरे निळे पडले, असं काही?"

"नाय, नाय."

"मग बर्ड फ्लूसारखं वाटत नाही. तरी नमुना पाठवते. मला हा कोरायझा दिसतोय. सर्दीच, पण एकीची दुसरीला लागते. पाण्याच्या भांड्यातून तर फार लवकर." ती लिहिता लिहिता थांबली. "बाहेरून नवीन कोंबडी आणली होती?"

"नाय मॅडम," प्रणिता ठामपणे म्हणाली. "सगळ्या घरच्या. आठ माझ्या, सात या मावशींच्या."

रेबेकाने खोकं जवळ ओढलं. गप्प राहिलं तर कुणालाच कळणार नव्हतं. गुरुवारी ती जाणार होती. खोक्यात तांबडी घरघरत होती.

"मी आणली होती," ती म्हणाली. "रोह्याहून. काळी. तिला हेच झालं होतं. बरी झाली म्हणून मी सगळ्यांत सोडली."

प्रणिताने तिच्याकडे पाहिलं आणि मग टेबलाकडे.

डॉक्टर शांतपणे सांगत राहिली. आजारी आणि बऱ्या वेगळ्या कोंडायच्या. औषध सात दिवस पिण्याच्या पाण्यातून, दुसरं पाणी ठेवायचं नाही. भांडी रोज घासायची. डोळे कोमट मिठाच्या पाण्याने पुसायचे. औषध चालू असताना आणि नंतरही काही दिवस अंडी खायची नाहीत, विकायची नाहीत. "आणि ती काळी वरून बरी दिसते, पण रोग तिच्या अंगात राहतो. बऱ्या होतील त्या सगळ्यांचंच तसं. विकू नका, आणि यांच्यात नवीन कोंबड्या आणू नका. या संपल्या की खुराडं धुवा, चुना मारा, तीन आठवडे रिकामं ठेवा."

परतताना पेणच्या रामवाडीपासून कासूच्या फाट्यापर्यंत प्रणिता रस्त्याकडे तोंड करून बसली. उतरल्यावर बोलली.

"दहा दिवस तुमी रोज माझ्याकडं चहा प्यायलात मावशी. खुराड्यापाशी बसून. येकदा पण नाय सांगितलंत."

दुपारी रेबेका पदर खोचून प्रणिताच्या परसात गेली. कुणी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. सुजयने मधोमध जाळी ठोकून दिली. रेबेकाने पेंढा काढून सुजयकडे जाळायला दिला, औषधाचं पाणी केलं, सुजलेल्या एकेकीला मांडीवर घेऊन डोळे पुसले. चिकटलेली पापणी सुटायला किती वेळ लागतो ते तिला त्या दिवशी कळलं. हात धुवायचे, दुसरी घ्यायची. रात्री जोशुआचा फोन आला.

"आई, बॅग भरलीस का?"

"भरते."

"कोंबड्यांचं एवढं काय घेऊन बसलीस?"

तिने फोन प्रणिताच्या ओट्यावर तसाच ठेवून दिला आणि भांडं घासायला गेली.

रविवारी आणखी एक मेली. त्या दिवशी रेबेकाने एक ठरवलं. वाडीत निरोप घ्यायला घरोघर जायचंच होतं. आता ती प्रत्येक दारात आधी हे सांगू लागली, की माझ्या कोंबडीने आजार आणलाय, तुमच्या कोंडून ठेवा, प्रणिताच्या परसात येऊ देऊ नका, शिंकली तर लगेच दवाखान्यात न्या. लोक साखर हातावर ठेवायला पुढे यायचे आणि हात तसाच राहायचा. कुणी हसलं, कुणी चिडलं. म्हातारी कृष्णाबाई म्हणाली, "जाता जाता कशाला गो आपलं नाव खराब करतेस?"

"नावाचं राहू दे. तुझ्या पिल्लांना आत घे आधी."

सतरा घरं झाली. शेवटच्या तीन घरांकडे जाताना ती वाटेत कुठेही बसली नाही. बसलं की विचार यायचे.

मंगळवारी तांबडीने दोन्ही डोळे उघडले. बुधवारी ती तांदळाचे कणे टिपायला लागली. पंधरातल्या तेरा वाचल्या होत्या. बर्ड फ्लू नाही, असा डॉक्टरचा निरोपही आला. काळी तर हा आठवडाभर टुणटुणीत होती, इकडून तिकडे मिरवत होती. तिच्याकडे बघितलं की रेबेकाला राग यायचा, आणि मग स्वतःचाच यायचा.

"काळी मारून टाकू का?" तिने विचारलं. "तुला डोळ्यासमोर नको असंल."

"येकट्या तिला मारून काय व्हणार?" प्रणिता म्हणाली. "डॉक्टरनी सांगितलंय ना, सगळ्या सारख्याच. ऱ्हाऊ दे. संपतील तेव्हा संपतील. मग खुराडं धुवून घेईन." पाच दिवसांत ती पहिल्यांदाच एवढं बोलली होती.

गुरुवारी सुजयने बॅगा गाडीत ठेवल्या. प्रणिता उशिरा आली, हाताला पेंढा चिकटलेला.

"मावशी," ती म्हणाली, "माझा राग अजून गेला नाय. खोटं नाय बोलत."

"व्हय गो. नसंलच गेला."

"पण तुमच्या जागी मी असते तर डॉक्टरसमोर बोलले असते का, काय म्हायती." तिने गाडीचं दार लावलं, ते नीट लागलं नाही म्हणून उघडून पुन्हा आपटलं. "पोचलात की फोन करा."

गाडी फाट्याला वळेपर्यंत रेबेका मागे बघत होती. प्रणिता केव्हाच परसाकडे गेली होती. सहाव्या दिवसाचं औषधाचं पाणी अजून भरायचं होतं.