काळ्या शाईतला श्वास

"कागद आणलात ना, आजी? बघू बरं!"

सूत्रसंचालक कामेनने हात पुढे केला तशी दाफिनाने पर्स छातीशी घट्ट धरली. "सगळ्यांसमोरच काढीन," ती म्हणाली.

"वा, हे तर झकासच!" तो खूश झाला. "मी नाव घेतलं की उठायचं आणि कागद उंच धरायचा. 'श्वास घ्या' अशी सूचना होती आणि आपल्या हीरोने तीच गाऊन टाकली, हे अख्ख्या देशाला दिसू दे. लोक पोट धरधरून हसतील बघा."

"त्यांना ठाऊक आहे का हे?"

"कुणाला, कुतेवना? छे हो! त्यांना वाटतंय सत्कार आहे."

तो गेला. थेट प्रक्षेपणाला दहा मिनिटं उरली होती. कार्यक्रमवाल्यांना फोन दाफिनानेच केला होता, पण वेगळ्याच कामासाठी. चूक आपली होती, हे एकदा चारचौघांत सांगून टाकायचं आणि मोकळं व्हायचं, एवढंच तिच्या मनात होतं. या पोराने तर तिला जल्लादच करून ठेवलं की!

शेहेचाळीस वर्षांपूर्वी ती सोफियातल्या एका रेकॉर्ड कंपनीत टायपिस्ट होती. नटांनी, पैलवानांनी, झालंच तर हवामान सांगणाऱ्या बाईनेही परदेशी गाणी गायची, अशी तेव्हा टूम निघाली होती. इंग्रजी कुणाच्या बापाला येत होतं? दाफिना मूळ गाणं ऐकून त्याचे उच्चार आपल्या लिपीत टाइप करायची आणि जिथे दम घ्यायचा तिथे लाल अक्षरांत 'दह' लिहायची. दह म्हणजे तिच्या भाषेत श्वास. काळं ते गायचं, लाल ते गायचं नाही, हे तिथे येणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. वेलिझार कुतेवनाही होतं. मालिकेतला तो देखणा इन्स्पेक्टर, निम्म्या देशातल्या बायका त्याच्यावर जीव टाकत. नेमकी त्याच्या गाण्याच्या सकाळी तिच्या टाइपरायटरच्या रिबनीची लाल पट्टी पार सुकली. नवी मागायची तर भांडारप्रमुखाची बोलणी खायची. तिने 'दह' काळ्यातच टाइप केलं. कुतेवसाहेब आले की तोंडी सांगू, म्हणाली. साहेब आले, तिच्याकडे बघून नुसते हसले, आणि या बयेची बोबडीच वळली.

पुढचं सगळ्या देशाला पाठ आहे. "माय हार्ट... दह! इज युअर्स... दह!" असा तो पठ्ठ्या काळीज पिळवटून गायला. तंत्रज्ञांना वाटलं, नवीन फॅशन असेल. खरं काय ते काचेपलीकडे एकट्या दाफिनाला कळत होतं, आणि ती मूग गिळून बसली. रेकॉर्ड निघाली. लग्नात, सहलीत, फुटबॉलच्या मैदानावर लोक 'दह!' ओरडायला लागले. कुतेव राजाच्या वेशात रंगमंचावर मरायला टेकले तरी मागच्या रांगेतून कुणीतरी 'दह!' म्हणायचंच. हळूहळू गंभीर भूमिका बंद झाल्या. त्या राजाच्या नाटकाला दाफिनाही गेली होती. मध्यंतरातच उठून घरी आली आणि स्वयंपाकघरात उभी राहून रडली. गाण्याचा तो कागद तिने जपून ठेवला होता, सांगायचं मात्र तिला कधी जमलं नाही.

दिवे लागले. कुतेव काठी टेकत आले. वय चौऱ्याऐंशी, पण कोटाला फूल लावलेलं. टाळ्या झाल्या. मग त्या रेकॉर्डचा तुकडा वाजला आणि सभागृह खिदळायला लागलं. कुतेवही हसले, पण काठीवरचा त्यांचा हात आवळलेला दाफिनाला दिसला.

"आणि आता त्या दिवसाची साक्षीदार!" कामेन ओरडला. "उठा, दाफिना आजी!"

ती उठली.

"चूक माझी होती," ती म्हणाली. "दह लाल अक्षरांत हवं होतं, मी काळ्यात टाइप केलं. यांनी समोर होतं तेच गायलं. यांना नका हसू. हसायचं तर मला हसा."

कुतेवांचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय बोलताय बाई तुम्ही? कोण तुम्ही?" ते म्हणाले. "तो श्वास मी घातलाय. मी! प्रेमात पडलेल्या माणसाला एक वाक्य तरी धड पुरं करता येतं का? श्वास अडकतो त्याचा. तो गायलोय मी. लोक हसतात, हसू देत. परवा हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवर एक माणूस होता. बोलायचीसुद्धा ताकद नव्हती. मला बघून 'दह' म्हणाला आणि हसला. दुसऱ्या दिवशी गेला बिचारा. ती काय टायपिंगची चूक होती?"

शेवटी त्यांचा आवाज फाटला. दाफिना जागच्या जागी थिजली. या माणसाच्या उरावर आपण धोंडा ठेवलाय, असं ती जन्मभर समजत होती. त्याने तर त्याच धोंड्यावर घर बांधलं होतं. बाकीच्या भूमिका लोक केव्हाच विसरले होते आणि म्हाताऱ्याच्या हाती हे एवढंच उरलं होतं.

"कागद, आजी, कागद!" कामेन दातांतून म्हणाला. कॅमेरा सरकत तिच्या तोंडासमोर आला. चार घड्यांचा कागद तिच्या हातात होता. उघडला असता तर ती सुटली असती.

"उघडा ना!"

"हा... हा दुसराच दिसतोय," दाफिना म्हणाली. "वय झालं रे बाळा. हजारो गाणी टाइप केली मी, कुठलं तरी दुसरंच असेल ते. हे म्हणतात तेच खरं. श्वास यांनीच घातला असणार."

जो काय हशा पिकला! "म्हातारीला चळ लागलाय!" मागून कुणीतरी म्हणालं. "बसा आजी, बसा, पाणी प्या," कामेनने डोळा मारत कॅमेऱ्याकडे पाहिलं. त्या एका दिवसाखेरीज जिच्या हातून कधी कानामात्रा चुकली नव्हती, ती दाफिना खाली मान घालून बसली. तिचे कान नुसते जळत होते.

कार्यक्रम संपल्यावर बाहेरच्या बोळात कुतेव तिच्यासमोर थांबले. त्यांच्यामागे दोघं जण त्यांचा ओव्हरकोट धरून खोळंबले होते.

"द्या," ते म्हणाले. "सही करून देतो."

नाही कसं म्हणायचं ते तिला सुचेना. तिने कागद दिला. त्यांनी चारही घड्या उलगडल्या आणि तो दिव्याखाली धरला. त्यांचा अंगठा ओळीवरून सरकत गेला, एका काळ्या 'दह'वर थांबला, मग खालच्या 'दह'वर.

"नाव काय लिहू?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"दाफिना."

त्यांनी कागद उलटा केला आणि काठी काखेत धरून, कोऱ्या बाजूवर सावकाश सही केली.