बिनतारी यंत्रातला बाबल्या

दिवेलागणीला मांडवीच्या जेटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. जानूच्या लाँचवरच्या बिनतारी यंत्रातून आज पुन्हा बाबल्या बोलणार होता. बाबल्या म्हणजे जानूचा थोरला भाऊ. सहा महिन्यांपूर्वी तो समुद्रात बुडाला होता.

बाबल्याला बोलवणारे, जवळच्या मठातले दर्याबाबा भगवी छाटी सावरत लाँचच्या नाळीवर, पुढच्या टोकावर चढले. "भक्तहो, सरकारी तार मुंबईला पोचेस्तोवर धापा टाकते. माझी तार थेट पाताळात! अर्ज नाही, तिकीट नाही. फक्त शंका घ्यायची नाही. शंका आली की लाइन कट!"

गर्दीच्या कडेला उभ्या लवूतात्यांना यात लबाडी दिसत होती. मालवाहू जहाजांवर तीस वर्षं त्यांनी बिनतारी यंत्र सांभाळलं होतं, एका खोलीत, एकट्याने. माणसांत बोलायची सवय राहिली नव्हती. त्यात सारखं वाटत होतं, आपलंच चुकत असेल तर?

पण गप्प राहणंही जमेना. "लाँच बाबांना दे, तरच मी सुटेन," असं यंत्रातल्या बाबल्याने आईला, बकुळाबायला, बजावलं होतं आणि उद्या ती लाँच देणार होती. मग जानूने पोट कशावर भरायचं, हे काही बाबल्या सांगत नव्हता.

म्हणून तात्यांनी कालच जानूला गाठून एक काम सांगितलं होतं. समुद्रात असताना दुसऱ्या लाँचशी यंत्रावर बोलायचं आणि त्यात एक खोटी गोष्ट सांगायची. आज सकाळी जानूने ते केलं होतं.

यंत्र खरखरलं. "आये... मी बाबल्या..."

"बोल माज्या बाळा!" बकुळाबायने बटण दाबून हाक मारली.

"आये, अंगणातली तुळस वाळली. जानूने उपटून टाकलीन. माझा जीव तळमळतो गो. उद्या लाँच दे."

बकुळाबायचा चेहरा बदलला. "कुठली तुळस? सकाळीच पाणी घातलाय मी तिला. हिरवीगार हाय!"

यंत्र गप्प.

"शंका!" दर्याबाबा ओरडले. "लाइन कट!"

एवढ्यात यंत्रातून दुसराच आवाज आला. "मी लवू बोलतोय. मी मेलेलो नाही. शेजारच्या केरूच्या लाँचवर बसलोय."

सगळ्या माना तिकडे वळल्या. तोंडावर बोलायचं धैर्य नव्हतं, म्हणून तात्या गर्दीतून सटकून यंत्राआडून बोलत होते. "हे बटण जो दाबेल त्याचा आवाज सगळ्या लाँचवर जातो. बोलणारा कोण, हे यंत्राला कळत नाही. आणि तुम्ही समुद्रात बोलता ते किनाऱ्यावर असं यंत्र लावून बसलेल्याला ऐकू येतं. तुळशीची थाप जानूने सकाळी यंत्रावरच मारली होती, दुसऱ्या कुणाला सांगितली नव्हती. खरखरीत सगळ्यांचे आवाज सारखेच लागतात. मठातली बाबांची खोली उघडा."

चार जण मठाकडे धावले. कुलूप फोडलं तर आत बाबांचा चेला, पुढ्यात तसलंच यंत्र आणि वही. वहीत लाँचवरच्या गप्पा टिपलेल्या. बाबांच्या पाताळाचा पत्ता जेटीपासून दोनशे पावलांवर निघाला.

लोकांनी बाबांना धरून चौकीवर नेलं. लाँच वाचली. जानू हसत होता. बकुळाबाय मात्र यंत्रापुढे तशीच बसून होती.

तात्या जवळ आले, तशी ती म्हणाली, "खोटा का होईना, रोज सांजेला कोण तरी मना आये म्हणत होता. तुमी तेवडा पण काढून घेतलाव."

तात्या तिच्याशेजारी टेकले. म्हणाले, "बकुळाबाय, आवाज ओळखीचा वाटला तरी विचारायचं, तुला हे कुठून कळलं? यंत्र विचारत नाही. ते आपणच विचारायचं. जो खरा असेल, त्याला त्या प्रश्नाचा राग येत नाही."

"आणि उद्या सांजेला मी काय ऐकू?"



"मी येईन बोलायला," तात्या म्हणाले. "पण लवू म्हणूनच."